दुधाची बातमी

त्या साप्ताहिकाचं छापील नाव चांगलं भारदस्त होतं, पण गावात त्याला त्या नावानं कोणी ओळखत नसे. पानं चार, म्हणून नाव चारपानी. "चारपानीत आलंय" असं कोणी म्हणालं की वाद मिटायचा.

संपादक मुळात छापखान्यात खिळे जुळवणारे. लग्नपत्रिका, दुकानांची हस्तपत्रकं, पावतीपुस्तकं, हेच आयुष्य. मालक थकला आणि छापखाना त्यांच्या गळ्यात घालून मुलीकडे राहायला गेला. रोज दुसऱ्यांचा मजकूर जुळवून कंटाळलेल्या या माणसानं एका शनिवारी स्वतःची चार पानं काढली. बायकोनं घड्या घातल्या आणि नवरा सायकलवरून वाटत सुटला. पहिल्याच अंकात घोळ झाला. वाचनालयाच्या उद्घाटनाला अध्यक्षांनी 'सुंदर भाषण केले' असं जायचं होतं, ते 'सुंदर भक्षण केले' असं गेलं. अध्यक्ष अंगानं चांगलेच भरलेले होते, त्यामुळे ही छापणाऱ्याची चूक आहे हे गावाला काही केल्या पटेना. त्या एका शब्दावर चारपानीचं बस्तान बसलं, असं संपादक पुढे हसत हसत सांगायचे.

मग वर्षानुवर्षं शनिवार चुकला नाही. परीक्षांचे निकाल, बदललेल्या गाड्यांच्या वेळा, हरवलेली गाय, सापडलेला चष्मा, नगरपालिकेच्या सभेत कोण कोणावर ओरडलं, कोण गेलं आणि मागे कोण कोण आहे. कुणाच्या वर्मी लागेल असं काही त्यात नसे. संपादकांना कोणी टोकलं तर ते म्हणायचे, "आज छापीन, पण उद्या त्याच्याच दुकानात वाणसामान आणायला जायचंय." लोकांना हे आवडायचं. भला माणूस, असं त्यांचं नाव होतं, आणि नगराध्यक्षांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांच्या घरी त्यांची उठबस होती.

त्यांना दोन मुली. धाकटी लग्न होऊन लांब गेली. थोरली मोठ्या शहरातल्या एका दैनिकात बातम्या निवडायच्या आणि मथळे द्यायच्या टेबलावर होती. तिथं तिला चारपानीबद्दल कोणी विचारलं तर ती विषय बदलायची. एकदा कचेरीत कोणीतरी तिच्या पिशवीतून चारपानी काढून 'शेळी परत मिळाली' हा मथळा मोठ्यानं वाचला होता. सगळे हसले, तीही हसली.

आई गेली आणि वडिलांच्या डोळ्यांत दोष निघाला, तेव्हा थोरली नोकरी सोडून घरी आली. आली ती मनात ठरवूनच, की आता हा पेपर जरा पेपरासारखा काढायचा. छापखान्याच्या मागच्या खोलीत संगणक आला, खिळ्यांचे खण माळ्यावर गेले. वडील भिंग घेऊन मुद्रितं तपासायचे, ती लिहायची. पण लिहायचं काय? अंक निम्म्यानं उरायला लागले होते. लोकांच्या हातात फोन होते, निधनाची बातमी सुद्धा चारपानीच्या आधी घरोघर पोचायची. गठ्ठ्यानं परत आलेले अंक कोपऱ्यात रचताना तिला वाटायचं, एकदा, एकदा तरी या गावात काहीतरी घडावं.

ते घडलं एका शनिवारी. सकाळच्या शाळेतल्या लहान वर्गांना मधल्या सुट्टीत दूध मिळत असे. सुट्टीनंतर मुलं पटापटा ओकायला लागली. दुपारपर्यंत सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा कमी पडल्या. शाळेच्या शिपायाची मुलगी तर डोळे उघडेना.

थोरली धावतच तिथं गेली. व्हरांड्यात आयांची रडारड चालली होती. जिला विचारावं ती एकच सांगत होती, "सकाळी धडधाकट गेला होता हो. दूध प्यायला आणि पोट धरून बसला." थोरली भराभर लिहून घेत होती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तिनं त्यांना गाठलं.

"दुधातून झालं का?"

"अन्नातून झालं असेल, पाण्यातून झालं असेल. नमुने पाठवलेत. तपासणी आल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"पण दूध असू शकतं?"

"असू तर काहीही शकतं," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

शाळेला दूध द्यायच्या त्या दूधवाल्या मावशी. छापखान्याच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचा गोठा. थोरली रांगत होती तेव्हापासून घरात त्यांचंच दूध. लहानपणी ती मोजमापाच्या भांड्याखाली ओंजळ धरायची आणि मावशी तीत वरचं चमचाभर ओतायच्या. दवाखान्यातून छापखान्याकडे येताना थोरलीला गोठ्यावरून यावं लागलं. दार उघडं होतं. आत जावं असं तिच्या मनात आलंही. पण मशीनवाला खोळंबला होता, पहिलं पान अडलं होतं, आणि आत जाऊन विचारायचं काय, हेही तिला धड सुचेना. ती सरळ पुढे आली.

बातमी तिनं सपाट्यात लिहिली. मजकूर तसा जपून लिहिलेला होता. डॉक्टरांचं वाक्य होतं, 'तपासणीनंतरच कळेल' असंही होतं. मावशींचं नाव तिनं घातलं नाही, 'गावातील एक दूधविक्रेती महिला' एवढंच लिहिलं. पण शाळेला दूध देणारी बाई गावात एकच होती, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मग मथळा. 'दुधातून विषबाधा झाल्याचा संशय' असा मथळा तिनं टाकला. तो एका ओळीत बसेना. अक्षर लहान केलं असतं तर बसला असता. पण तिला पानभर पसरलेलं मोठं अक्षर हवं होतं, दैनिकात असतं तसं. दोन ओळी केल्या तर दवाखान्यात काढलेला फोटो कापावा लागत होता. तिनं शेवटचे दोन शब्द काढून टाकले. मथळा ओळीत चपखल बसला.

'दुधातून विषबाधा.'

पान वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी भिंग मथळ्यावर धरलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.

"तिला विचारलंस का?"

"वेळ कुठं होता, बाबा. मशीन थांबलंय."

ते काहीतरी बोलणार होते. ओठ हललेही. मग त्यांनी भिंग खाली घेतलं, मजकुरातला एक काना दुरुस्त केला आणि पान परत दिलं. "जाऊ दे," ते म्हणाले. ते कशाला म्हणाले, हे तिनं विचारलं नाही. पान मशीनवर गेलं.

संध्याकाळपर्यंत एक अंक शिल्लक राहिला नाही. मशीनवाल्याला पुन्हा बोलवून आणखी छापावे लागले, आणि असं चारपानीच्या जन्मात पहिल्यांदाच होत होतं. चहाच्या दुकानात पहिलं पान भिंतीला चिकटवलं गेलं. मुख्याध्यापक भेटले, म्हणाले, "आता हा पेपर वाटतो खरा." थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासत असताना वडील दाराशी कोणाशी तरी हळू आवाजात बोलले आणि आत आले. चहा बिनदुधाचाच झाला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. असं छापल्यावर त्याच घरचं दूध कोण पिणार?

पुढच्या आठवड्यात गोठ्यावर काय झालं ते तिला उडत उडत कळत गेलं. शाळेनं दूध बंद केलं. मग उपाहारगृहानं, मग घरांनी, एकेक करून. दारासमोर कोणीतरी रिकामे कॅन आणून आपटले. मावशी कोणाशी भांडायला गेल्या नाहीत. पण गाईला काही आज दूध देऊ नको असं सांगता येत नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागायची. काढलेलं दूध मावशी बादलीनं मागच्या नाल्यात ओतायच्या. शिंपीणबाई छापखान्यात जाहिरात द्यायला आली तेव्हा हे सांगत होती. "नाला पांढरा झालाय बघा," ती म्हणाली आणि हसली. थोरली हसली नाही, जाहिरातीचे शब्द मोजत राहिली.

मुलं बरी होऊन घरी गेली. शिपायाची मुलगी सगळ्यांत शेवटी उठून बसली. मग डॉक्टरांचा फोन आला.

"अहवाल आलाय. दूध स्वच्छ आहे. शाळेच्या नळाचं पाणी खराब निघालंय, गटाराचं पाणी मिसळतंय त्यात. दूध प्यायल्यावर पोरांनी पेले त्याच पाण्यानं विसळले आणि तेच पाणी प्यायली. तुम्ही छापून मोकळ्या झालात, म्हणून म्हटलं तुम्हाला आधी कळवावं."

शेवटचं वाक्य त्यांनी सरळ आवाजातच म्हटलं. थोरलीचे कान तापले. फोन खाली ठेवून तिनं मागच्या अंकाचं पहिलं पान एकदा वाचलं. मग वडिलांकडे गेली.

"पहिल्या पानावर घ्यावं लागेल," ती म्हणाली.

वडील खिडकीशी बसले होते. "चौथ्यावर घे," ते म्हणाले. "थोडक्यात. इतक्या वर्षांत पहिल्या पानावर आपण कधी चुकलो म्हणून सांगितलेलं नाही. एकदा सांगितलं की लोक जुनं सगळंच उकरायला लागतील."

तिनं वाद घातला, पण जोर लावून घातला नाही. खरं तर ते चौथ्यावर म्हणाले तेव्हा तिच्या छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं होतं, आणि ते तिचं तिला समजलं होतं. शनिवारी चौथ्या पानावर, निधनवार्तांच्या खाली, बारीक अक्षरात चार ओळी आल्या. 'शाळेस पुरविलेल्या दुधात दोष आढळला नाही, असे समजते.' आम्ही, चुकलो, क्षमस्व, असला एकही शब्द त्यात नव्हता. पाण्याचा उल्लेख होता तोही 'पाण्याबाबत पुढील तपास सुरू आहे' एवढाच. गोठ्याकडे कोणी फिरकलं नाही. चहाच्या दुकानातलं पहिलं पान भिंतीवर होतं तसंच राहिलं.

वडिलांच्या पत्त्यांच्या अड्ड्यात एक निवृत्त इंजिनिअर होते, पाणीपुरवठ्यातले. जगातली प्रत्येक गोष्ट आपण आधीच सांगितली होती, असं त्यांचं नेहमीचं म्हणणं, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष द्यायचं नाही. ते एक दिवस वडिलांना शोधत छापखान्यात आले. वडील डोळे दाखवायला गेले होते.

"बसा की," थोरली म्हणाली. "चहा मागवते."

"बिनदुधाचा मागव बाई," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. "बिचारी दूधवाली. पाण्याचं भोगतेय. शाळेजवळचा तो पाइप गेलाय म्हणून मी कधीचा सांगतोय. गटाराची लाइन त्याच्या उरावर बसलीय. उन्हाळ्यातच तुझ्या बाबाला म्हटलं, छाप. पोरं आजारी पडतील एक दिवस."

थोरली चहावाल्याला हाक मारायला उठली होती, ती दारातच थांबली.

"बाबांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं म्हणजे? नेऊन दाखवलं. वास घेतला त्यानं. म्हणाला, नगराध्यक्षांशी बोलतो." इंजिनिअरांच्या लक्षात आलं की ही काही हसत नाहीये. "म्हणजे, बोलला असेल तो. माणूस भला आहे तुझा बाबा."

वडील आले ते डोळ्यांत औषध घालून, रुमालानं पाणी टिपत. थोरलीनं त्यांना बसू दिलं, मग विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"बोललो होतो अध्यक्षांशी. ते म्हणाले, पाइप बदलायचं काम मंजूर झालंय, उगाच घबराट कशाला पसरवता. मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचंच होतं."

"आणि मुलं आजारी पडली तेव्हा?"

"तेव्हा आठवलं."

"पान तुमच्या हातात होतं, बाबा. मथळ्यावर भिंग धरून बसला होतात. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"खात्री नव्हती. पण डोक्यात पाणीच आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी रुमालाची घडी घातली. "बोललो असतो तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं माहीत," ते म्हणाले.

थोरलीला ओरडावंसं वाटत होतं. वाटत होतं, सगळं त्यांच्या पदरात टाकून मोकळं व्हावं. पण ते दोन शब्द तिनंच खोडले होते, गोठ्याच्या उघड्या दारावरून तीच पुढे गेली होती, आणि चौथ्या पानावर म्हणाल्यावर तिनंच सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्या दिवसापासून घरातलं बोलणंच आटलं. वडील लवकर जेवून घ्यायचे. ती मागाहून बसायची. मीठ हवं असलं तर स्वतः उठून घ्यायची.

दोन-तीनदा ती गोठ्याच्या गल्लीत शिरून परत फिरली. शेवटी एका सकाळी गेलीच. गोठ्यात एकच गाय उरली होती. बाकीच्या जागा झाडून लख्ख केल्या होत्या, खुंटे तेवढे दिसत होते. मावशी त्या एका गाईला पेंड घालत होत्या. थोरलीला बघून त्यांनी हात पुसले.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

आजवर त्या तिला 'ये गं पोरी' म्हणायच्या. त्या 'या'नं थोरली दारातच अवघडली. मावशींनी चौरंग पुढे सरकवला होता, पण तिला बसवेना.

"मावशी, माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली."

"हो," मावशी म्हणाल्या.

यापुढे त्या काहीतरी बोलतील, रागावतील, निदान रडतील, असं थोरलीनं धरलं होतं. तशी तिनं तयारीही केली होती. मावशी पेंडीची पाटी उचलून बाजूला ठेवत होत्या.

"मी पहिल्या पानावर छापते. तेवढ्याच मोठ्या अक्षरात. तुमची हरकत नसेल तर."

"छापा की. माझ्या हरकतीवर कुठं काय अडलं होतं?" आवाज शांत होता. "आधीचंही मला विचारून छापलं नव्हतं. मी इथंच होते त्या दिवशी. दार उघडं होतं. तुम्ही गेलात समोरून, मी आतून पाहिलं. वाटलं, येईल आत. पोरं पडली म्हणून माझं कशातच लक्ष नव्हतं. म्हटलं, हिला विचारावं, कशी आहेत. तर तुम्ही निघून गेलात."

रडू आलं तर ते मावशींना बघावं लागेल, म्हणून थोरलीनं ते गिळलं.

"लोकांचं सोडा," मावशी पुढे म्हणाल्या. "लोकांनी वाचलं, घाबरले. त्यांची लहान पोरं आहेत. पण दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे दूध घेऊन आले होते. मनात म्हटलं, हे लोक मला ओळखतात. यांनी घेतलं की बाकीचे घेतील. तुमच्या बाबांनी दार उघडलं. 'आज नको,' म्हणाले. वर नाही बघितलं त्यांनी. पायाकडे बघून बोलले. मला वाटलं, यांनाही खरं वाटतंय."

"त्यांना खरं वाटत नव्हतं," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

मग थोरलीनं सगळं सांगितलं. पाइप, इंजिनिअर, अध्यक्ष, भिंग. काही गाळलं नाही. सांगताना तिला जाणवत होतं की या बाईला आपण आणखी एक घाव घालतोय, पण अर्धवट सांगणं आता शक्य नव्हतं.

मावशी चौरंगावर स्वतःच बसल्या. "म्हणजे माहीत असून," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या, "माहीत असून." मग उठल्या. "तुम्ही जा आता. मला धार काढायचीय."

घरी आल्यावर थोरलीनं वडिलांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. 'आज नको'ही सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी ते आपण होऊन संगणकाच्या खोलीत आले, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "घे लिहून. मी सांगतो."

त्या शनिवारी पहिल्या पानावर दुसरी बातमीच नव्हती. मथळा होता, 'दूध शुद्ध होते. आम्ही चुकलो.' तो दोन ओळींत गेला. खाली वडिलांचा मजकूर होता. पाण्याचा दोष आपल्याला उन्हाळ्यापासून ठाऊक होता, नगराध्यक्षांशी असलेला स्नेह सांभाळण्यासाठी आपण तो दडवला आणि एका निरपराध बाईवर आळ येताना गप्प बसलो, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. थोरलीनं तिचं लिहिलं होतं. दोन शब्द कसे काढले आणि कशासाठी काढले, दार उघडं असताना विचारायला कशी गेली नाही. वडिलांनी भिंग न घेताच पान मशीनवर जाऊ दिलं.

मग जे झालं त्याची दोघांनाही कल्पना नव्हती. नगराध्यक्षांनी खुलासा पाठवला, संबंध तोडले, हे अपेक्षितच होतं. शाळेजवळचा रस्ता आठवड्याभरात खणला गेला आणि पाइप बदलला, हेही झालं. पण बाकीचं गाव वडिलांचं कौतुक करायला लागलं. न्हावी दुकानातून बाहेर येऊन हात जोडायचा. "असं कबूल करायला मोठं मन लागतं," असं लोक दारात येऊन सांगून जायचे. इंजिनिअर म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, हा माणूस सोनं आहे." व्यापारी मंडळानं तर त्यांचा सत्कार ठरवला. शाल, मानपत्र, भाषणं. निरोप घेऊन आलेल्या दोघांना वडिलांनी उंबऱ्यातूनच परत पाठवलं. ते गेल्यावर ते थोरलीला म्हणाले, "लोकांना झालंय तरी काय? कोणी दोन शिव्या का देत नाही?"

तिलाही फोन येत होते. जुन्या दैनिकातल्या मैत्रिणीनं ते पान मागवून घेतलं होतं आणि फार धाडसी म्हणून कौतुक केलं होतं. तो शब्द ऐकताना थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या सगळ्या कौतुकात मावशींचं नाव काढणारं फारसं कोणी नव्हतं. काही घरं दूध मागायला गेली खरी. पण विकलेल्या गाई कशा परत येणार? आणि एका गाईचं दूध पुरणार तरी किती घरांना? वडील एकदा काठी टेकत गोठ्यापर्यंत गेले. बाहेर बराच वेळ उभे राहिले आणि आत न जाता परत आले. त्यानंतर ते छापखान्यात येईनासे झाले. अंकावरचं संपादक म्हणून असलेलं नाव त्यांनी काढायला लावलं. पत्त्यांचा अड्डाही सुटला. कोणी भला माणूस म्हटलं की ते उठून आत जायचे.

चारपानी चालू राहिलं. थोरलीनं ते बंद करायचा विचार केला होता, पण बंद केलं तर तीही एक पळवाटच झाली असती, असं तिला वाटलं. आता ती पायी फिरायची. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या घरी जायची, बसायची. त्यामुळे कधी कधी बातमी आठवडाभर उशिरा यायची. अंक पुन्हा उरायला लागले.

मावशींनी पुढे ती शेवटची गायही विकली आणि गावाबाहेर निघालेल्या दूध संकलन केंद्रावर काम धरलं. येणारं दूध मापायचं, तपासायचं, नोंदायचं. त्यांच्याइतकी पारख तिथं कोणालाच नव्हती, म्हणून लवकरच तपासणीचं टेबल त्यांच्याकडे आलं. केंद्रात दूध थंड ठेवायचं नवं यंत्र बसलं तेव्हा त्याची बातमी करायला थोरलीला तिथं जावं लागलं. तिनं दुसऱ्या कोणाला पाठवायचा विचार केला, पण पाठवायला कोणी नव्हतं.

व्यवस्थापकानं यंत्र दाखवलं, आकडे सांगितले, आणि म्हणाला, "बाकीचं तपासणीवाल्या मावशींना विचारा. त्यांनाच जास्त कळतं." मावशी टेबलाशी पांढरा अंगरखा घालून उभ्या होत्या. थोरली समोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं म्हणणं हवं होतं," ती म्हणाली. "यंत्रामुळे काय फरक पडेल."

मावशींनी हातातली नळी खाली ठेवली. थोडा विचार केला. "लिहून घेताय?"

"हो."

"मग घ्या. दूध लांबून येतं. आधी दुपारी पोचलेलं दूध नासायचं. आता नासणार नाही." त्या थांबून थांबून सांगत होत्या, तिचं लिहून होईपर्यंत वाट बघत होत्या. "लांबच्या बायकांचा फायदा होईल. पण वीज गेली तर काय करायचं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. हेही लिहा."

"लिहिलं."

"वाचा बघू."

थोरलीनं वाचून दाखवलं. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या.

"'सर्व बायकांचा' नाही म्हटलं मी. 'लांबच्या बायकांचा' म्हटलं."

थोरलीनं कागदावर बघितलं. खरंच तिनं 'सर्व' लिहिलं होतं. तिनं शब्द खोडून वर दुसरा लिहिला आणि ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

"आता बरोबर," मावशी म्हणाल्या.

थोरलीला आणखी काही बोलायचं होतं. वडील रोज खिडकीशी बसून असतात, हे सांगायचं होतं. तुम्ही एकदा येऊन जाल का, असं विचारायचंही मनात होतं. पण ते मागणं किती निलाजरं आहे हे तिला बोलायच्या आतच कळलं. मागे कॅन घेऊन माणसं उभी होती.

"जरा बाजूला व्हा," मावशी तिला म्हणाल्या, रागानं नाही, कोणालाही सांगावं तसं. थोरली बाजूला झाली. पहिला कॅन टेबलाशी आला, मावशींनी झाकण उघडून वास घेतला आणि त्या कामाला लागल्या.